सड्यावरची जाळरेषा

बाई, तुमच्या सड्यावरच्या नऊ कलमांना यंदा मोहर उशिरा आला. पौष संपत आला तरी झाडं हिरवीगार होती आणि मी रोज सकाळी जाऊन शेंडे चाचपून बघत होते. मग थंडीचे चार दिवस बरे पडले आणि एकदम सगळी मोहरली. आता कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या आहेत. बाग मीच राखते. तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांनी तुमचा भाचा आला होता, म्हणाला, मावशी सांगून गेलीय, बाग तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलं होतंत ते मी विचारलं नाही. तुम्हांला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी पन्नाशीला टेकले. आमच्या गावच्या शाळेवर तुम्ही आलात तेव्हा जेवढ्या होतात त्याहून मी आता कितीतरी मोठी आहे, आणि तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते.

तुम्ही चिपळूणच्या, नदीकाठच्या, पायाखाली भरपूर माती असलेल्या गावातल्या. आमच्याकडे येऊन तुम्ही गावावरच्या सड्यावरचा, त्या उघड्या माळाचा कातळ विकत घेतलात तेव्हा सगळा गाव हसला होता, असं आई सांगायची. वीस गुंठे काळा दगड. पावसाळ्यात त्यावर गवत आणि एरवी नुसतं ऊन. तुम्ही पहारीने खड्डे पाडून घेतलेत, पहार चालेना तिथे सुरुंग लावलात, खालच्या मळ्यातून टोपल्यांनी माती चढवलीत आणि हापूसची बावीस कलमं लावलीत. शनिवारी शाळा सुटली की आम्ही पोरं एकेक तांब्या पाणी घेऊन वर जायचो. सक्ती कोणाचीच नव्हती. वर गेलं की तुम्ही गूळखोबरं द्यायच्यात, त्यासाठी जायचो. तुम्ही एकट्या राहायच्यात, शाळेमागच्या दोन खोल्यांत, आणि कोणी विचारलंच की एवढा खटाटोप कोणासाठी, तर म्हणायच्यात, "म्हातारपणी सावलीत बसायला."

मी सातवीत होते त्या वर्षी त्या झाडांनी पहिल्यांदा धरल्यासारखे आंबे धरले. शिमग्याचे दिवस होते. बाबा मुंबईहून आले होते, वर्षभर बंद असलेली घरं उघडली होती, आणि त्या दुपारी देवाची पालखी सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, नाचणार होती. आईने मला सकाळी एकच काम सांगितलं होतं, भाजावळीचं. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या पसरून ते पेटवायचं आणि जमीन भाजून काढायची. आईने आदल्या दिवशी सगळं रचून ठेवलं होतं. "वारा सुटायच्या आत पेटव," ती म्हणाली, "नि राख होयपर्यंत थयसून हलू नको." बांधावर पाण्याने भरलेली कळशी आणि हिरवा टहाळा ठेवायचा, ठिणगी उडाली की झोडपायची, बस्स. दरवर्षीचं काम. वेळेवर गेले असते तर अर्ध्या सकाळीत उरकलं असतं. पण मी न्हायले, केस वाळवत बसले, तांब्यात निखारे घालून परकराला इस्त्री केली, आणि मळ्यात पोचून काडी ओढली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

पुढचा तास मला अजून जसाच्या तसा दिसतो. निम्मा तुकडा धुमसतो आहे. कळशी बांधावर काठोकाठ भरलेली आहे. खालून ढोलाचा आवाज यायला लागतो, आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी आहे. ज्वाळ कुठे दिसत नाही, नुसता धूर आहे. मी स्वतःला सांगते की आता काय पेटणार, नि उतरणीवरून धावत सुटते. मागे वळूनही बघत नाही. पालखी दोन वेळा नाचली, तिसऱ्यांदा खांद्यावर घेतली आणि कोणीतरी ओरडलं, सड्यावर धूर. पालखी सहाणेवर ठेवून सगळे बाप्ये धावले. वाटेत हाताला येतील ते टहाळे मोडून घेत गेले. वर पोचेपर्यंत मळ्याच्या कडेची आग दगडी गडगा ओलांडून गवतात शिरली होती आणि गवतातून तुमच्या बागेत. वाळलेल्या गवताला किती वेळ लागतो? माणसांनी झोडपून झोडपून ती पलीकडच्या काजूंच्या आधी अडवली, एवढंच. तुमची बावीसच्या बावीस होरपळली होती. तुम्ही पदर खोचून सगळ्यांबरोबर धावत आला होतात. ओरडला नाहीत, रडला नाहीत. एका झाडाजवळ जाऊन बुंध्याला हात लावलात आणि चटका बसला तसा मागे घेतलात.

आता जे झालं ते सांगताना अजूनही मान खाली जाते. मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. माणसं आपसांत बोलत होती, आग कुठून आली, कोणी लावली, आणि मी मध्येच, मोठ्याने म्हणाले, "आजा बिडी ओढत व्हता सड्यावर. मी बगितला." आजा म्हणजे आमच्या गावची गुरं राखणारा म्हातारा. त्याला सगळी पोरं आजाच म्हणायची. बिडी तो ओढायचाच, ते सर्वांना ठाऊक होतं, म्हणून माझं बोलणं कोणाला खोटं वाटलं नाही. तो त्या दिवशी गुरं घेऊन सड्याच्या दुसऱ्या टोकाला पाणवठ्यावर होता. ते गुरांशिवाय कोणी पाहिलं नव्हतं.

आजाला गावाकडून वर्षाला भात मिळायचं आणि रोजची भाकरी घराघराच्या पाळीने. दुसऱ्या दिवशी पाळी आमच्या घरची होती. तो सकाळी नेहमीसारखा अंगणात येऊन उभा राहिला, काठी खांबाला टेकवली. आईने आतूनच सांगितलं, आज काही नाही, आणि दार लावून घेतलं. माझी आई कोणाला रित्या हाताने पाठवणारी बाई नव्हती; तुमच्या झाडांसाठी ती स्वतः रडली होती. मी खिडकीतून बघत होते. तो थोडा वेळ तसाच थांबला. त्याला वाटलं असेल, आईने ऐकलं नाही. मग काठी घेऊन पुढच्या घरी गेला, आणि तिथूनही तसाच निघाला. त्या दुपारी बऱ्याच घरांनी आपापली गुरं त्याच्याकडून परत आणली. रंगपंचमीच्या आधी गावकी, म्हणजे गावाची बैठक, बसणार होती आणि त्याला गुरं द्यायची नाहीत असं ठरणार, हे आमच्या पडवीतच दोघे बाबांना सांगत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आलात. हातात आमची कळशी होती. अजून भरलेलीच, वर राखेची साय आलेली. तुम्ही ती अंगणात पायरीवर ठेवलीत नि आईला म्हणालात, "मळ्यात राहिली होती तुमची." आईने तुम्हांला बसायला पाट दिला, चहा केला. तुम्ही चहा प्यायलात, आईच्या दम्याची चौकशी केलीत आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणालात, "उद्या दुपारी बागेत ये जरा." मला कळलं होतं. कळशी भरलेली, म्हणजे आग सुटली तेव्हा पाणी ओतायला तिथे कोणी नव्हतं; ते तुम्हांला कळलं होतं, आणि तुम्हांला कळलंय हे मला. आईला मात्र काहीच कळलं नाही; तिने कळशी रिकामी केली, घासली आणि पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी बागेत राखेवर उभ्या राहून तुम्ही विचारलंत, "तू सांगतेस की मी सांगू?" मी रडायला लागले. तुम्ही समजूत घातली नाहीत, रागावलाही नाहीत, रडणं संपायची वाट बघितलीत. मग मी सगळं सांगितलं, केस वाळवण्यापासून. तुमचा चेहरा दगडासारखा होता. तुम्ही म्हणालात, "झाडं माझी होती. त्यांचं काय करायचं ते मी बघेन. पण त्या म्हाताऱ्याची भाकरी तू बंद केलीस. ती मला चालू करता येणार नाही. ती तुलाच करावी लागेल."

मी म्हटलं, बाई, मला मारा, पण गावकीत नको.

"मारून काय होणार? माझा हात दुखेल," तुम्ही म्हणालात. "मी बरोबर येईन. बोलायचं मात्र तू."

मी घरी पळाले. गावकीच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घोंगडी पांघरून पडले. तुम्ही आमच्या घरात आलात, आईला म्हणालात, हिला घेऊन जाते, आणि माझं मनगट धरलंत. देवळापर्यंत ते सोडलं नाहीत. वाटेत दोनदा मी हिसका दिला, तरी सोडलं नाहीत.

बायका तेव्हा गावकीत जात नसत. तुम्ही पायऱ्या चढून सरळ सभामंडपात गेलात. मानकरी काही बोलणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, या मुलीला सांगायचंय. बाबा समोरच बसले होते. आजा खांबाशी उकिडवा बसला होता. तुम्ही माझं मनगट सोडलंत, आणि मला वाटतं, धरलेलं मनगट सुटलं म्हणूनच माझं तोंड उघडलं. मी तीन वाक्यं बोलले. भाजावळ मी सोडून गेले. आग तिथून गेली. आजाला मी बघितलंच नव्हतं. बाबांनी मान खाली घातली ती मी तिथे असेपर्यंत वर केली नाही. कोणीतरी मला मारायला उठलं, कोणीतरी त्याला बसवलं. मग सगळे आजाकडे बघायला लागले. तो म्हणाला, "पोर हाय. भ्याली आसल." आणि थोड्या वेळाने, "बिडीचा मातर खरा बोलली. ती मी वडतोच." दोघे-तिघे हसले, आणि त्या हसण्याने मंडपातली हवा हलल्यासारखी झाली.

बाबांनी नुकसानभरपाईचा विषय काढला, तो तुम्ही तिथेच मोडलात. मानकऱ्यांनी विचारलं, मग शिक्षा काय? तुम्ही म्हणालात, "नुकसान माझं, तर शिक्षाही मीच ठरवते. पुढच्या वर्षीपासून माझ्या बागेची जाळरेषा ही मुलगी करील." सरकारी पुस्तकातला तो शब्द अर्ध्या लोकांना कळला नाही, तुम्ही समजावून सांगितलंत की गवत पुरतं कडकडीत व्हायच्या आत बागेच्या चारी बाजूंनी पट्टा साफ करायचा आणि आपणच तो थोडा थोडा जाळून टाकायचा, म्हणजे वणवा आला तरी तिथे येऊन थांबतो. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, जिने बाग जाळलान तिच्याच हातात काडी देताय?" तुम्ही वळून त्याच्याकडे बघितलंत. "आग कशी सुटते ते आता गावात हिच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

त्या संध्याकाळी आई मला घेऊन आजाच्या खोपटावर गेली. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. आईने त्याच्या पुढ्यात ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. मी त्याच्या पाया पडले. त्याने माझ्यासमोरच जेवायला सुरुवात केली, भूकच लागली होती त्याला. नंतरच्या वर्षांत त्याने माझी एक गंमत करून ठेवली. मी वाटेत दिसले की तो थांबायचा, तोंडातली बिडी काढायचा, टाचेखाली चांगली चिरडायचा आणि म्हणायचा, "बघ. इझली." सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे मीही हसायला लागले. माझ्या लग्नातसुद्धा मांडवाच्या दारात त्याने तेच केलं, आणि माझ्या सासरच्यांना ही काय पद्धत आहे ते कळेना.

पण सांगायचं राहिलं ते काड्यांचं. शिमग्यानंतर माझ्याने चूल पेटवली जाईना. काडी ओढली की मी ती लांब धरायची, चुलीपाशी न्यायच्या आत विझून जायची. आई आधी रागावली, मग तिने मला सांगणंच सोडलं. बाबा मुंबईला परत जाताना माझ्याशी फारसं बोलले नाहीत. शाळेत तुम्ही मला इतरांसारखंच विचारायच्यात, इतरांसारखंच वही तपासून द्यायच्यात, पण पूर्वी वहीवर हात ठेवून दोन शब्द जास्त बोलायच्यात ते बंद झालं होतं. मला वाटायचं, शिक्षा सांगितली ती गावाला गप्प करायला. गवत वाळेपर्यंत बाई विसरतील. तोवर मी आठवीत, दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाणार होते.

तुम्ही विसरला नाहीत. मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी निरोप आला, कोयता घेऊन ये. मी गेले. चारेक रविवार आपण दोघींनी गवत कापलं, बागेच्या कडेने दहा हात रुंद पट्टा करून कापलेलं गवत मधोमध ओढलं. पाचव्या रविवारी दव अजून ओलं होतं, वारा पडलेला होता. तुम्ही पाण्याच्या दोन घागरी, ओली गोणपाटं, टहाळे सगळं तयार ठेवलं होतं. मग कमरेची आगपेटी काढून माझ्या हातावर ठेवलीत.

मी म्हटलं, बाई, तुम्ही पेटवा, मी झोडपते.

"तूच पेटव. वाऱ्याकडे तोंड करून, दोन हातांचा तुकडा. तो विझला की पुढचा. घाई करायची नाही." एवढं सांगून तुम्ही पायात चपला सरकवल्यात. "मी घरी जाऊन भात टाकते. झालं की जेवायला ये."

आणि तुम्ही गेलात, बाई. मी तुम्हांला उतरणीवरून खाली जाताना बघत राहिले. वाटलं होतं, गडग्याशी थांबाल, वळून बघाल. तुम्ही वळला नाहीत. जळून काळ्या पडलेल्या बुंध्यांमध्ये, तेरा-चौदा वर्षांची मी, हातात आगपेटी आणि आजूबाजूला नुसतं वाळलेलं गवत. पहिल्या तीन काड्या विझल्या. चौथी धरली. दोन हातांचा तुकडा पेटला, मी त्याच्यावर अशी नजर ठेवून उभी की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विझला. गोणपाटाने दाबला, हात लावून बघितला, मग पुढचा. पूर्ण पट्टा व्हायला दुपार झाली. माझ्या भुवया जळल्या होत्या आणि परकराला दोन भोकं पडली होती. शेवटच्या राखेवर दोन्ही घागरी ओतल्या, तरी तिथून निघवेना. पुन्हा एक फेरी मारली, पुन्हा एक. मग तुमच्या दारात येऊन आगपेटी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती फळीवर ठेवलीत आणि पान वाढलंत. कुळथाचं पिठलं होतं. भात खाली लागलेला होता. तुमचा भात कधी लागत नसे.

त्या रात्री घरी चूल मी पेटवली. आईने बघितलं आणि तवा पुढे केला.

बावीसपैकी नऊ झाडांना पावसाळ्यात बुंध्याजवळून फूट आली. ती खालच्या रायवळ, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या गावठी आंब्याची होती, हापूसचा भाग जळून गेला होता. तुम्ही म्हणालात, रायवळ तर रायवळ, मुळं जिवंत आहेत ना. कृषी खात्याचा एक माणूस राजापुराहून यायचा, त्याच्याकडून तुम्ही पाचर कलम शिकून घेतलंत आणि मला शिकवलंत: फूट आडवी छाटायची, मधून चीर द्यायची, हापूसची काडी दोन्ही बाजूंनी तासून त्या चिरेत बसवायची आणि पट्टीने आवळून बांधायची. पहिल्या वर्षी माझ्या हातची दोनच जगली. मी रडकुंडीला आले तर तुम्ही म्हणालात, "दोन जगली ना?" या कलमं बांधण्यावरच माझं पोट चाललं पुढे. आज गावातच आमची रोपवाटिका आहे, मी आणि माझे यजमान दोघे बघतो, पावसाळ्यात हाताखाली आठ बायका असतात, आणि काडी तासताना सगळ्यांना मी तुमच्याच शब्दांत सांगते की सुरी एकदाच ओढायची, खरवडायचं नाही. चुकतात बायका, कधी झाकतातही. ओरडते मी, तुमच्याएवढा थंडपणा मला जमलेला नाही. पण ओरडून झालं की त्याच बाईच्या हातात तीच सुरी पुन्हा देते आणि तिथून दूर जाते. दूर जाणं किती कठीण असतं ते आता मला कळतं. दर वेळी तुमचा तो लागलेला भात आठवतो.

तुम्ही निवृत्त होऊन भाच्याकडे चिपळूणला राहायला गेलात, तिथे मी दर वर्षी तुमच्याच झाडांच्या आंब्यांची पेटी घेऊन यायचे. शेवटच्या वर्षी आले तेव्हा तुम्ही गॅलरीत खुर्चीवर बसला होतात, पायांवर सूज होती. इतकी वर्षं मनात असलेलं मी तेव्हा विचारलं. म्हटलं, बाई, तुम्ही मला माफ कसं केलंत? तुम्ही आंब्याचा वास घेत होतात. म्हणालात, "माफ केलं असं मी कधी म्हटलं होतं? मला जाळरेषेला माणूस हवं होतं." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. आंबा खाली ठेवलात नि म्हणालात, "खरं सांगू? पहिले कितीतरी दिवस तुझं तोंड बघवत नव्हतं मला. आठ वर्षं गेली होती माझी त्या दगडात. आगपेटी दिली त्या दिवशीसुद्धा राग होताच. तू ती परत आणून दिलीस, भुवया जळलेल्या, तोंड काळं, नि पाटावर बसून आधी पाणी मागितलंस. तेव्हा कुठे गेला."

परतीच्या एसटीत मी सगळा वेळ त्याचाच विचार करत होते. मला वाटायचं, आधी माणूस माफ करतो आणि मग विश्वास टाकतो. तुम्ही उलट केलंत. राग पोटात ठेवून विश्वास आधी टाकलात, आणि माफी सवडीने मागून आली. ती आली नसती तरी जाळरेषा झालीच असती, आणि मीही कदाचित अशीच झाले असते. हे मला त्या दिवशी फार सुखाचं वाटलं. का ते सांगता येत नाही. कोणी चांगुलपणा म्हणून मला उचलून घेतलं नव्हतं. मला काम दिलं होतं आणि ते मी केलं होतं.

आता गावात आणि आसपासच्या वाड्यांत मार्गशीर्ष लागला की आम्ही बायका मिळून बागांच्या जाळरेषा करतो. सड्यावर हल्ली गुरं फारशी नाहीत, गवत माजतं, त्यामुळे काम वाढलंय. तरी पोरी येतात, हसतखेळत करतात. बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना वर घेऊन गेले होते. पट्टा बघून म्हणाले, चांगला केलायस. बाबांनी त्या विषयावर काढलेला हा एकच शब्द.

हे सगळं तुम्हांला ठाऊकच आहे, निम्मं तरी. मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. गेल्या आठवड्यात तुमच्या शाळेच्या आताच्या बाईंनी मला मुलांशी वणव्याबद्दल बोलायला बोलावलं होतं. वर्ग तोच, फक्त फरशी नवीन. मी माझीच गोष्ट सांगितली, लपवली नाही. मुलं अगदी गप्प बसून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर सातवीतली एक मुलगी उठली. तिने विचारलं, "मग गावकीत तुम्ही आपणहून गेलात सांगायला?"

मी म्हटलं, हो.

का म्हटलं, देव जाणे. मुलं बघत होती, त्यांच्या बाई कौतुकाने बघत होत्या. टाळ्या झाल्या. मी घरी येऊन हात धुतले आणि मनगटाकडे बघत बसले. पन्नासाव्या वर्षी, तुमच्या वर्गात उभी राहून, मी पुन्हा खोटं बोलले, आणि या वेळीही कोणी मला तसं करायला भाग पाडलेलं नव्हतं.

पत्र पाठवायचं तर कुठे. इथेच वहीत राहील. सोमवारी शाळा उघडली की त्या मुलीला गाठून खरं काय ते सांगेन म्हणते. सांगेनच, असं मात्र अजून लिहवत नाही.